चार वर्षांच्या मेंदूतला काळा पट्टा

चार वर्षांच्या मुलाच्या मेंदूत काळा पट्टा दिसला नाही, म्हणून तो व्हायरसने पुसून टाकला असं मी जाहीर केलं. त्या वयात तो पट्टा दिसतच नसतो. हे मला माहीत असायला हवं होतं. कॉलेज मला पगार असल्याच गोष्टी माहीत असण्याचा देत होतं.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात, सप्टेंबर महिना, लखनौचं एक सरकारी मेडिकल कॉलेज. माझ्यासमोर एनॅमलचा पांढरा ट्रे, ट्रेमध्ये मेंदूच्या चकत्या, हातात लांब सुरी आणि भोवती वीस-बावीस विद्यार्थी. मी एकतीस वर्षांचा लेक्चरर. नागपूरहून येऊन दोन वर्षं झाली होती. हातात सुरी आणि समोर श्रोते असले की मला गप्प राहता येत नसे. सुरी नसली तरी फारसा फरक पडत नसे, असं माझी बायको म्हणते.

मी पॅथॉलॉजिस्ट. म्हणजे रोग्याला न भेटता त्याच्या रोगाबद्दल ठामपणे बोलणारा डॉक्टर. त्यातही माझं काम मेंदूचं. ताजा मेंदू दह्यासारखा मऊ असतो, सुरी लावली की फिसकटतो. म्हणून तो दोन-तीन आठवडे फॉर्मॅलिनच्या बरणीत दोऱ्याने टांगून ठेवतात. मग तो खरवसाइतका घट्ट होतो आणि त्याच्या नीट चकत्या पडतात. याला ब्रेन कटिंग म्हणतात. आधी चकत्या उघड्या डोळ्यांनी बघायच्या, मग त्यातले छोटे तुकडे स्लाइड बनवायला पाठवायचे, स्लाइड आल्या की मायक्रोस्कोपखाली बघायच्या, आणि त्यानंतर तोंड उघडायचं. हा क्रम मी विद्यार्थ्यांना दर वर्षी फळ्यावर लिहून देत असे.

त्या पावसाळ्यात मुलांचा वॉर्ड दिमागी बुखारने भरून गेला होता. एकेका खाटेवर दोन-दोन मुलं. ताप, झटके, मग बेशुद्धी. काही मुलं दगावत. जी वाचत त्यांतली काही लाकडासारखी ताठ होऊन पडून राहत. रक्ताचे नमुने बाहेरगावच्या प्रयोगशाळेत गेले होते आणि उत्तर आलं होतं: जपानी एन्सेफलायटिस, डासांमार्फत येणारा मेंदूज्वर.

याचा व्हायरस मुळात बगळ्यांत आणि डुकरांत असतो. धानाच्या शेतात साचलेल्या पाण्यात क्युलेक्स जातीचे डास वाढतात. ते आधी बगळ्या-डुकरांचं रक्त पितात, मग माणसाचं. बहुतेक माणसांना काहीच होत नाही. थोड्यांच्या, त्यातही मुलांच्या, रक्तातून व्हायरस मेंदू गाठतो. तिथे त्याला हवी असते चेतापेशी, आमच्या भाषेत नर्व्ह सेल. तिच्या आत शिरायचं आणि तिच्याच सामानसुमानावर आपल्या नकला काढत सुटायचं, एवढंच त्याला येतं. पेशी फुगते, थकते आणि मरते.

ट्रेमधला मेंदू याच वॉर्डातल्या एका मुलाचा होता. त्याच्या आईवडिलांनी परवानगी दिली होती. अशी परवानगी द्यायला काय लागतं हे मला तेव्हा कळत नव्हतं. पुढे मी बाप झालो तेव्हा कळलं.

वॉर्डच्या प्रमुख सक्सेना मॅडम त्या दिवशी मुद्दाम कटिंगला आल्या. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या, आवाज कमी, शब्द त्याहून कमी.

"गजभिये, मेरे वार्ड में एक बच्ची है, बिट्टन. छह साल की. बुखार उतर गया, होश आ गया, पर पत्थर हो गई है. चेहरा हिलता नहीं, लार बहती है, हाथ काँपते हैं. अंदर हुआ क्या होगा?"

असा प्रश्न म्हणजे माझ्यासाठी ताटात वाढून आलेली पुरणपोळी. मेंदूच्या खोडात मिडब्रेन नावाचा भाग असतो. मोठ्या माणसात त्याची आडवी चकती घेतली की दोन काळसर पट्टे दिसतात, काजळाने ओढलेल्या भुवयांसारखे. सबस्टँशिया नायग्रा हे त्यांचं भारदस्त नाव. अर्थ एवढाच, काळा पदार्थ. हालचाल सहज व्हावी म्हणून लागणारं रसायन तिथल्या पेशी बनवतात. म्हातारपणी कंपवात होतो तेव्हा त्या मरतात आणि पट्टा फिकट पडतो. अंग ताठ, चेहरा मुखवट्यासारखा, हात कापरे. बिट्टनचंच वर्णन.

मी चकती उचलून उजेडात धरली. पट्टा नव्हता.

"देखिए मॅडम. साफ. काला हिस्सा पूरा पोंछ दिया है. आपकी बिट्टन में भी यही हुआ होगा. और मरी हुई नर्व्ह सेल वापस नहीं आती."

विद्यार्थ्यांनी वह्यांत लिहून घेतलं. मॅडमनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं.

"स्लाइड देखी?"

"मॅडम, ये तो आँख से दिख रहा है."

"स्लाइड देख के बोलना," त्या म्हणाल्या आणि राउंडला गेल्या.

मी शिकलो होतो ते म्हाताऱ्या मेंदूंवर. माझ्या सुरीखाली आलेले बहुतेक सगळे साठीच्या पुढचे. पट्टा फिकट म्हणजे पेशी मेल्या, हा नियम त्यांच्या बाबतीत पक्का होता. मी तो चार वर्षांच्या मुलाला लावला. तरी तिथेच थांबलो असतो तर माझी चूक विभागातल्या विभागात मिटली असती, आणि आज मी ती कुणाला सांगितलीही नसती.

दुपारी कॉरिडॉरमध्ये एका माणसाने मला अडवलं. गुडघ्यापर्यंत धोतर, खांद्यावर गमछा. छेदीलाल त्याचं नाव, मलिहाबादेत एका आंब्याच्या बागेवर रखवालदार. पांढरा कोट दिसेल त्याला तो एकच प्रश्न विचारत होता.

"साहब, हमरी बिट्टन कब ठीक होई?"

बिट्टन हे नाव मी सकाळीच ऐकलं होतं. तिला पाहिलं मात्र नव्हतं. दोन मिनिटं चाललो असतो तर वॉर्ड होता. पण अवघड गोष्ट सोपी करून सांगण्यात आपला हात कुणी धरणार नाही, असा माझा समज होता.

"समझिए, अंदर का तार जल गया है."

"तौ नवा तार परि जाई?"

"दिमाग में नया तार नहीं पड़ता."

त्याने हात जोडले आणि तो गेला. मला वाटलं, इतकं छान समजावल्याबद्दल आभार मानतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिट्टनची खाट रिकामी होती. केसपेपरवर "लामा" असा शेरा. डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध पेशंटला घरी नेलं की इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं जोडून आमच्याकडे असं लिहितात. तिबेटशी त्याचा संबंध नाही.

मॅडमनी मला खोलीत बोलावलं. बसा म्हणाल्या नाहीत.

"क्या कहा तुमने उसके बाप से?"

मी सांगितलं. तार वगैरे.

"उसे नाक की नली से दूध दे रहे थे. निगलना सिखा रहे थे. रोज़ हाथ-पैर चला रहे थे कि जोड़ न अकड़ें. तीन हफ़्ते और रखती, बाप को सब सिखा के भेजती. अब वो लिटा के चम्मच से दूध पिलाएगा और दूध फेफड़े में जाएगा. समझे?"

"मॅडम, पर सच ही तो..."

"सच स्लाइड पर होगा. तुमने अभी देखी नहीं."

त्यांनी केसपेपरवरच्या पत्त्यावर पत्र टाकलं. पत्ता होता: छेदीलाल, आम का बाग, मलिहाबाद. मलिहाबादेत आंब्याच्या बागेचा पत्ता देणं म्हणजे समुद्रात पाण्याचा पत्ता देणं. उत्तर आलं नाही.

आठ दिवसांनी स्लाइड तयार झाल्या. त्या बनवणारे रिज़वी साहेब. कटिंगच्या दिवशी तेही मागे उभे होते. पिकलेली दाढी, स्वच्छ अचकन, वर ॲप्रन. मेंदूचे तुकडे मेणात बसवून त्यांचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे आणि रंगवायचे, हे काम ते तीस वर्षं करत होते. काचेवर काप असा पसरत की सुरकुती शोधून सापडू नये. रागावले तरी समोरच्याला "आप" म्हणत, आणि माझ्यावर रागवायला त्यांना कारणांचा तुटवडा नव्हता.

त्यांनी ट्रे माझ्या टेबलावर ठेवला आणि तिथेच उभे राहिले.

"हुज़ूर, एक गुस्ताख़ी करूँ?"

"कीजिए."

त्यांनी खिशातून एक जुनी, कडा पिवळ्या पडलेली स्लाइड काढली. "ये भी मिडब्रेन है. पाँच बरस का बच्चा था, छत से गिरा था. बुखार-वुखार कुछ नहीं. ज़रा देख लीजिए."

मी पाहिलं. पेशी भरपूर, ठणठणीत. काळा रंग जवळजवळ नाहीच.

"इसका भी काला हिस्सा ग़ायब है," रिज़वी साहेब अदबीने म्हणाले. "तो क्या इसे भी मच्छर ने काटा था?"

मी मायक्रोस्कोपवरून मान वर केली नाही. खाली तरी कुणी माझा चेहरा बघत नव्हतं.

"बच्चों में ये रंग पैदाइशी नहीं होता, डॉक्टर साहब. धीरे-धीरे चढ़ता है. जैसे मूँछ आती है. हम समझे आपको मालूम होगा."

"आपण त्या दिवशी का नाही सांगितलंत?" असं मी हिंदीत विचारलं.

"आप बोल रहे थे," ते म्हणाले. "बीच में टोकना बदतमीज़ी होती."

मग मी त्या मुलाच्या स्लाइड बघायला बसलो आणि संध्याकाळपर्यंत उठलो नाही. नुकसान होतंच, ते नाकारण्यात अर्थ नाही. काही चेतापेशी मेल्या होत्या आणि सफाई करणाऱ्या पेशी त्यांच्याभोवती कोंडाळं करून त्यांना अक्षरशः खात होत्या. रक्तवाहिन्यांभोवती पांढऱ्या पेशींच्या रांगा लागल्या होत्या, गर्दीच्या दिवशी रेशनच्या दुकानापुढे लागतात तशा. पण त्याच काळ्या भागात, जिथे काही उरलं नाही असं मी छातीठोकपणे सांगितलं होतं, तिथे पेशी होत्या. रंगाविना, सुजलेल्या, आजारी. पण बऱ्याचशा उभ्या.

मोहल्ल्यात चोर शिरला की पोलीस येतात. लाठी चालते तेव्हा ती चोराची पाठ आणि शेजाऱ्याची पाठ असा भेद करत नाही. मेंदूतही असंच होतं. काही पेशी व्हायरस मारतो, काही त्याला पकडायला आलेल्यांच्या लाठ्या खाऊन आडव्या होतात. हा दुसरा भाग किती मोठा आहे हे विज्ञानाला पुढे हळूहळू कळत गेलं. मला त्या दिवशी इतकंच दिसलं की मेलेली पेशी वेगळी आणि मार खाऊन पडलेली पेशी वेगळी. पडलेली उठू शकते.

आणि हे मूल तर दगावलेलं होतं. म्हणजे सर्वांत वाईट अवस्थेतला मेंदू मी बघत होतो. बिट्टन जगली होती. माझ्या टेबलावर येतात ते सगळे हरलेले. जे जिंकतात ते पायऱ्या उतरून घरी जातात, त्यांची स्लाइड कुणी बनवत नाही. इतकी वर्षं मी फक्त हरलेले सामने बघून खेळाबद्दल मत देत होतो.

मॅडमकडे गेलो. या वेळी वाक्य तयार करून गेलो होतो, ते दारातच विसरलो.

"मॅडम, मैं ग़लत था. सेल्स हैं वहाँ."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मुझे मत बताओ. मलिहाबाद जाओ."

"मैं? मैं तो पॅथॉलॉजिस्ट हूँ."

"ज़बान है न? बिगाड़ा उसी से है."

फिजिओथेरपिस्टकडे मला दोन दिवस पाठवण्यात आलं. मुलीला उठवून बसवून कसं भरवायचं, हनुवटी किती खाली ठेवायची, दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, सांधे कसे फिरवायचे, हे सगळं मी वहीत आकृत्यांसकट उतरवलं. जिवंत माणसाला हात लावून मला सहा वर्षं झाली होती. सराव हवा म्हणून मी घरी सुमनला, म्हणजे बायकोला, चटईवर झोपवलं आणि वही बघत तिचा पाय धरला.

"अहो, हळू. गुडघा माझा आहे, खिडकीची कडी नाही."

"अगं, इथे लिहिलंय, सावकाश पण पूर्ण."

"पूर्ण तर झालाच. आता सावकाश करा."

थोड्या वेळाने तिने विचारलं, "त्या माणसाने तुम्हाला बागेतून हाकलून दिलं तर?"

"तर परत येईन."

"आणि मग?"

याचं उत्तर वहीत नव्हतं. "पुढच्या रविवारी पुन्हा जाईन," मी म्हणालो. ती म्हणाली, "मग दुसरा पाय धरा."

रविवारी सकाळी स्कूटर काढली. मलिहाबाद पंचवीस-तीस किलोमीटर. काकोरीच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बागाच बागा सुरू होतात, आणि मला त्यातली एक शोधायची होती. आंब्याचा हंगाम कधीच संपलेला, त्यामुळे बागांत माणूस विरळ. जो भेटे तो आधी मला खाटेवर बसवी, मग विचारी, बाग किसका? मालकाचं नाव मला ठाऊक नव्हतं. एका म्हाताऱ्या बागवानाने मला दशहरी आंब्याची कलमं कशी बांधतात ते अर्धा तास समजावलं आणि शेवटी म्हणाला, छेदीलाल नावाचा कुणी माझ्या माहितीत नाही. चौथ्या चहानंतर एका सायकलवाल्याने विचारलं, "वही, जिसकी बिटिया पथरा गई है?" आणि पुढे होऊन वाट दाखवली.

झोपडीपुढे आंब्याखाली खाट, खाटेवर बिट्टन. मी तिला पहिल्यांदा पाहिलं. डोळे उघडे, चेहरा इस्त्री केल्यासारखा सपाट, गुडघे पोटाशी आखडलेले. छेदीलाल तिला निजल्यानिजल्या चमच्याने दूध पाजत होता. ती खोकली, अर्धं दूध गालावरून ओघळलं, त्याने गमछ्याने पुसलं आणि पुन्हा चमचा भरला. अंग मात्र लख्ख स्वच्छ होतं, केसांना तेल लावलेलं होतं. मी आशा सोडायला सांगितली होती. त्याने फक्त दवाखाना सोडला होता.

मला पाहून तो उठला नाही. "अब का है साहब? तार देखै आए हौ?"

मी स्कूटर स्टँडवर लावायला गरजेपेक्षा जास्त वेळ घेतला. मग म्हणालो, "मैंने ग़लत कहा था."

"ग़लत?"

"मैंने बिना देखे कहा था. तार सब नहीं जले हैं."

त्याने गमछ्याने बिट्टनची हनुवटी पुसली. शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. मग डोक्यावरच्या फांदीकडे बोट दाखवून म्हणाला, "साहब, जाड़े मा पाला मारत है तौ पेड़ पूरा करिया परि जात है. तबहूँ हम काटित नाहीं. फागुन तक देखित है कि कल्ला फूटत है कि नाहीं. आप तौ देखतै काटि दिहेव."

गारठ्याने काळं पडलेलं झाडही तो फाल्गुनात कोंब फुटतो का ते बघेपर्यंत तोडत नव्हता, आणि मी बघताक्षणी तोडलं होतं. मी मान डोलावली.

"तौ ठीक होइ जाई?" त्याने विचारलं.

जीभ वळवळत होती. हो म्हणावं असं फार वाटलं. पण एकदा "नाही" फुकट वाटून झालं होतं, आता "हो" फुकट वाटायचं नव्हतं.

"पता नहीं," मी म्हणालो. "सच में पता नहीं. पर करने लायक काम बहुत है."

माझ्या कारकिर्दीतलं ते पहिलं "पता नहीं". विचित्र म्हणजे त्याने छेदीलालचा विश्वास बसला. त्याने चमचा खाली ठेवला आणि म्हणाला, "बताव, का करी."

आम्ही तिला उठवून उशांना टेकवून बसवलं. हनुवटी खाली, अर्धा चमचा, घोट गिळेपर्यंत थांबायचं. पहिला घोट बाहेर आला. दुसराही. तिसरा घशातून खाली गेला आणि खोकला आला नाही. छेदीलाल माझ्याकडे न बघता म्हणाला, "गवा." गेला.

दुसऱ्या दिवशी तो तिला मॅडमकडे घेऊन आला. मॅडमनी तपासलं, छातीत काही नव्हतं. वॉर्डात नवे तापाचे पेशंट येतच होते, तिथे ठेवण्यापेक्षा घर बरं असं ठरलं. "हर इतवार कोई जाके देख आए तो," मॅडम म्हणाल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. त्या खोलीत दुसरा डॉक्टर नव्हता.

विभागात मी सुधारित रिपोर्ट लिहिला आणि विद्यार्थ्यांना जमवून सांगितलं की त्या दिवशीचं वहीतलं खोडा. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "सर, इम्तहान में कौन-सा लिखें?" रिज़वी साहेब दारात उभे होते. त्यांनी दाढीवरून हात फिरवला आणि आत निघून गेले. माझी समजूत अशी आहे की ते हसले. खात्री नाही, कारण पाठ अदबशीर होती.

मग रविवारमागून रविवार. व्यायाम खरं तर छेदीलालच करवून घेई, दिवसातून चार वेळा. मी आठवड्यातून एकदा जाऊन वही उघडून बसे. दसऱ्याच्या सुमारास बिट्टन बसून दूध पिऊ लागली. दिवाळीच्या आधी तिचे डोळे माणसामागे फिरू लागले. गुडघे सुटले. लाळ कमी झाली. एका रविवारी बकरीचं पिल्लू खाटेवर चढलं आणि तिच्या तोंडाचा एक कोपरा वर गेला. छेदीलालने मला विचारलं, "ई हँसी है?" मी म्हणालो, "पता नहीं." एव्हाना मला ते म्हणायची गोडी लागली होती. तो म्हणाला, "हँसी है."

सगळ्या मुलांचं असं झालं नाही. काहींच्या पेशी खरोखरच गेल्या होत्या, आणि ती पुढेही तशीच राहिली. पण त्या साथीतली जी ताठ मुलं मॅडमनी चिकाटीने धरून ठेवली, त्यांतली कितीतरी महिन्या-महिन्यांनी सैल होत गेली. मी त्यांना बघायला आता वॉर्डात जाऊ लागलो. दोन मिनिटांचा रस्ता होता. बिट्टन पुढच्या आंब्यांच्या हंगामात बागेत चालत होती. उजवा हात थोडा कापे, तो तसाच राहिला. डावा पाय किंचित ओढे. शाळेत तिने डाव्या हाताने लिहायला घेतलं आणि मास्तरांना ते चालवून घ्यावं लागलं. मी निवृत्त झालो तोवर मेंदूचे फोटो जिवंतपणी काढणारी यंत्रं आली होती, त्यांत तोच काळा भाग सुजलेला आणि पुढे काहींच्यात सुधारलेला दिसू लागला होता. या धंद्यातून मी शिकलो ते थोडं आहे. जे टेबलावर आलं नाही त्याच्याबद्दल मत देऊ नये, आणि पांढरा कोट घालून कॉरिडॉरमध्ये रेंगाळू नये.

एक रविवार मात्र सांगायचा राहिला. डिसेंबर होता, खाट उन्हात ओढलेली. तोवर बिट्टन "पानी" आणि "बप्पा" एवढे दोन शब्द सुटे सुटे बोलू लागली होती. त्या दिवशी छेदीलालचे हात खताने भरलेले होते, म्हणून मी म्हणालो, आज व्यायाम मी करवतो. वही खाटेच्या पायथ्याशी उघडी ठेवली, चष्मा सरसा केला, तिचा पाय धरला आणि आकृतीत दाखवल्याप्रमाणे फिरवू लागलो. आकृती उजव्या पायाची होती, पाय डावा होता. तिने आधी पायाकडे पाहिलं, मग वहीकडे, मग बराच वेळ माझ्याकडे. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. आजारानंतरचं तिचं पहिलं अख्खं वाक्य तिने सावकाश, एकेक शब्द नीट लावून, बापाला उद्देशून म्हटलं.

"बप्पा, इनका कुछौ नाहीं आवत. तुम करौ."